वंशावळीतल्या गाळलेल्या जागा आणि बडोद्याचे जुने घटस्फोट

हल्ली प्रत्येक घरात एक तरी माणूस वंशावळ काढायला बसलेला असतो, आमच्या घरात ती मी. आणि कुणाचीही वंशावळ घ्या, पुरुषांच्या रेघा कशा सरळ खाली उतरत जातात, पण मधेच एखादी बाई असते जिच्यापुढे नवरा नाही, मुलं नाहीत, नुसतं नाव. विचारलं की मोठी माणसं म्हणतात, "ती माहेरीच असायची." संपलं. या एका वाक्यात विधवा पण बसते, नवऱ्याने टाकलेली पण बसते, स्वतःहून निघून आलेली पण बसते आणि कोर्टातून रीतसर सुटलेली पण बसते, सगळ्यांना तेच झाकण.

पुण्या-मुंबईकडच्या नातेवाईकांना मी "आजोबांच्या बहिणीचा घटस्फोट शोधतेय" असं सांगितलं की ते हसतात, म्हणतात अगं तेव्हा कुठे होता घटस्फोट? त्यांच्या दृष्टीने बरोबरच आहे. तिकडे मुंबई इलाख्यात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा आला १९४७ ला, आणि सगळ्या देशाला लागू झालेला हिंदू विवाह कायदा १९५५ चा. पण आपण बडोदेकर! सयाजीरावांच्या राज्यात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा १९३१ मध्येच झाला होता, म्हणजे १९५५ च्या कायद्याच्या चोवीस वर्षं आधी. नवरा बेपत्ता झाला, संन्यासी झाला, धर्म बदलला, क्रूरपणे वागला, सोडून गेला, अशी कारणं दाखवून बाई कोर्टात जाऊ शकत होती, ब्राह्मणाघरची सुद्धा. त्यामुळे तुमचे पणजोबा-खापरपणजोबा गायकवाड सरकारच्या नोकरीत असतील किंवा तुमचं कुटुंब तेव्हा राज्यात राहत असेल तर "तेव्हा नव्हतं असलं काही" हे ऐकून घरी बसू नका. आणि बडोदे राज्य म्हणजे काही नुसतं मांडवी ते रावपुरा नव्हे हं, नवसारी होतं, कडी म्हणजे नंतरचं मेहसाणा, अमरेली, पार द्वारकेकडचं ओखामंडळ पण होतं, आणि आपली कारकून-मामलेदार मंडळी बदल्यांवर सगळीकडे फिरायची.

आता एक गोष्ट माझ्या डोक्यात फार उशिरा शिरली पण शिरल्यावर सगळं सोपं झालं. नवऱ्याच्या बाजूने शोधून काही मिळत नाही, कारण त्याला गरजच नव्हती. पुरुषाला दुसरी बायको करायला पहिलीपासून सुटायची काय गरज? मुंबई इलाख्यात हिंदू पुरुषाच्या दुसऱ्या लग्नावर बंदी आली तीच मुळात १९४६ मध्ये. त्याआधी एक माहेरी धाडली, दुसरी आणली, कागद शून्य. कागद लागायचा बाईला. म्हणून तिच्या माहेरच्या गावापासून सुरुवात करा, तिच्या भावांच्या घरापासून, तिची बाजू कोण घेत होतं, वकील कुणाच्या ओळखीचा होता तिथून.

आपल्याकडचे कुलवृत्तांत, म्हणजे एकेका घराण्याच्या वंशावळीची छापील पुस्तकं, यासाठी भारी उपयोगी आहेत, पण एकटा नाही, दोन हवेत. सासरच्या घराण्याचा आणि माहेरच्या घराण्याचा. सासरच्या पुस्तकात मुलाच्या नावापुढे पत्नी म्हणून जी दिलीय ती दुसरीच असते, पहिलीचा पत्ताच नाही, आणि माहेरच्या पुस्तकात मात्र मुलीच्या पुढे सासरचं आडनाव छापलेलं असतं, कारण माहिती पाठवणाऱ्या थोरल्या काकांना ते लिहिल्याशिवाय राहवलं नाही. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवली की जिथे जुळत नाही तिथे बोट ठेवायचं. आमच्या आत्याआजीच्या बाबतीत मला पहिला धागा असाच मिळाला. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या, म्हणजे यात्रेकरूंची नोंद ठेवणाऱ्या भटजींच्या, वह्या पण बघाव्यात, तिथे यात्रेला आलेला माणूस बरोबर कोण होतं ते सांगतो, आणि पाच-सात वर्षांच्या अंतराने त्याच माणसाच्या दोन नोंदींत बायकोचं नाव बदललेलं असेल तर एक तर पहिली वारली किंवा माहेरी गेली.

शिरगणतीचं मात्र विसरा. माझा भाचा लेस्टरला असतो, त्याची बायको तिकडची, तिने तिच्या पणजीच्या घटस्फोटाची अख्खी फाईल काढली, लंडनजवळ क्यूला त्यांचं राष्ट्रीय अभिलेखागार आहे तिथे 'जे ७७' नावाच्या मालिकेत १८५८ पासूनच्या घटस्फोटाच्या फायली आहेत, नावाने सर्च होतात, आणि शिरगणतीची घराघराची पानं सुद्धा त्यांना वाचायला मिळतात. मला जरा जळफळाटच झाला. आपल्याकडे शिरगणतीचे फक्त आकडे छापले, घराघराची पानं आपल्या हाती लागत नाहीत, आणि जुन्या शिरगणत्यांमध्ये घटस्फोट झालेल्यांना विधवा-विधुरांच्याच रकान्यात टाकत. म्हणजे सरकारनेही तेच केलं जे आमच्या घरच्यांनी केलं!

बरं, सगळ्याच घटस्फोटांना कोर्ट लागत नव्हतं हेही लक्षात घ्या. अनेक जातींमध्ये काडीमोड, सोडचिठ्ठी, फारकत ही रीत आधीपासून होती, पंच बसायचे, काही रक्कम ठरायची, आणि बाई दुसरा घरोबा करायची, मराठीत पाट किंवा मोहतूर, गुजरातीत नातरुं. १९५५ च्या कायद्याच्या कलम २९ ने सुद्धा ही रूढी शाबूत ठेवली. या फारकतीचा कधी साधा कागद असतो, कधी स्टॅम्पपेपरवर लिहिलेला, कधी सब-रजिस्ट्रारकडे नोंदवलेला दस्त, आणि खूपदा काहीच नसतं, पंचांच्या तोंडी शब्दावर सगळं. तेव्हा अशा घराण्यात कोर्टाच्या मागे लागण्याआधी घरातली पेटी उपसा, जमिनीच्या कागदांमध्ये असं एखादं फारकतपत्र अडकलेलं असू शकतं. ख्रिश्चन कुटुंब असेल तर १८६९ चा कायदा, पारशी असेल तर १८६५ चा आणि मग १९३६ चा, त्यांची वाट वेगळी, त्यांची रेकॉर्डंही वेगळी. आणि कुणी १८७२ च्या कायद्याखाली रजिस्टर लग्न केलं असेल, समाजसुधारक मंडळींत असे होते बरेच, तर त्यांना तो १८६९ चा ख्रिश्चनांचा म्हणून ओळखला जाणारा घटस्फोट कायदाच लागू व्हायचा. हे वाचून मी चाटच पडले होते.

आता नावांचा घोळ. राज्य मराठ्यांचं पण कोर्टकचेरीत गुजराती भरपूर, त्यामुळे आपली आडनावं गुजराती कारकुनाच्या कानाला जशी लागली तशी उतरलेली. ळ चा ल, ण चा न, आणि आडनाव कधी आहे कधी नाही. दुसरं म्हणजे बाईचं लग्नानंतर पहिलं नावच बदललेलं, घरी सगळे जिला माहेरच्या नावाने हाक मारायचे ती कागदावर भलतीच कुणीतरी. आणि तिसरं, सगळ्यात मजेचं, की बायकांच्या नावाआधी 'बाई' लिहायची पद्धत. जुन्या मुंबईच्या लॉ रिपोर्टांची, म्हणजे छापील निकालांच्या पुस्तकांची, अनुक्रमणिका काढून बघा, बाई अमुक विरुद्ध तमुक, बाई ढमुक विरुद्ध तमुक, सगळ्या बायका एकाच अक्षराखाली रांगेत उभ्या. म्हणून अकारविल्हे यादीत नाव नाही दिसलं तर 'ब' उघडा.

तारखांचंही तसंच. घरातली माणसं शके किंवा "अमक्याच्या मुंजीच्या वर्षी" अशी सांगणार, गुजराती कागदांवर विक्रम संवत असणार आणि तो उत्तरेतल्यासारखा चैत्रात नाही तर कार्तिकात बदलतो. संवत १९९० म्हणजे १९३३ च्या दिवाळीपासून १९३४ च्या दिवाळीपर्यंत. शिवाय बडोदे सरकारचं कारभाराचं वर्ष १ ऑगस्टला सुरू व्हायचं आणि ३१ जुलैला संपायचं, म्हणून अहवालात १९३३-३४ लिहिलेलं असलं की आपण मार्च-एप्रिलच्या हिशोबात डोकं चालवायचं नाही. मी वहीच्या पहिल्या पानावर हे तिन्ही हिशोब लिहून ठेवलेत.

आता जायचं कुठे. १ मे १९४९ ला बडोदे राज्य मुंबई प्रांतात विलीन झालं, मग १ मे १९६० ला गुजरात वेगळं झालं, म्हणजे एकाच कुटुंबाचे कागद तीन राजवटींत विभागलेले. राज्याच्या कारभाराचं जुनं दफ्तर बडोद्यातल्या कोठीच्या आवारातल्या सरकारी अभिलेखागारात आहे, तिथे मराठी, गुजराती, इंग्रजी सगळं आहे आणि जुनं मराठी मोडीत. १९३१ नंतरच्या कामाला मोडी फारसं लागेल असं नाही पण त्याआधीच्या पिढीत शिरायचं तर शिकून घ्या, अवघड वाटतं तेवढं नाहीये. तिथे कोर्टाच्या निकालापेक्षा नोकरीच्या फायली, पेन्शनी, अर्ज, तक्रारी असलं जास्त शोधावं. आणि बायकांचे अर्ज असतात बरं का, नवऱ्याच्या पगारातून काही मिळावं म्हणून केलेले, ते कुणी बघतच नाही कारण त्यावर कुठेही घटस्फोट असं लिहिलेलं नसतं.

मांडवीची सेंट्रल लायब्ररी, १९१० ची, तिथे राज्याची छापील प्रकाशनं बघायची, कायदे, अहवाल, 'आज्ञापत्रिका' म्हणजे राज्याचं गॅझेट. बडोद्यात कायद्याला निबंध म्हणायचे, त्यामुळे कॅटलॉगमध्ये कायदा-कायदा म्हणून शोधाल तर हाताला फार काही लागणार नाही. मूळ कायदा आधी वाचून घेतला तर पुढे एका ओळीच्या नोंदीतून सुद्धा अर्थ लागतो, नाहीतर कलमाचा आकडा नुसता आकडाच राहतो.

कोर्टाचं म्हणाल तर सगळ्या बडोदेकरांच्या डोळ्यापुढे सुरसागरच्या बाजूचं न्यायमंदिरच येतं, १८९६ चं, आत चिमणाबाईंचा पुतळा असलेलं. पण २०१८ मध्ये जिल्हा कोर्ट तिथून दिवाळीपुऱ्याच्या नव्या इमारतीत गेलं, तेव्हा जुन्या इमारतीपुढे फोटो काढा आणि चौकशी मात्र नव्या ठिकाणी करा. फॅमिली कोर्टात जुनं मागायला जाऊ नका, तो कायदाच १९८४ चा, त्याआधीची कामं दिवाणी कोर्टातली. ऑनलाईन ई-कोर्टवर आपल्या आजी-पणजीचं काही नाही. आणि दावा बडोद्यातच चालला असं समजू नका, नवसारीत किंवा अमरेलीत चालला असेल तर तो कागद आज त्या जिल्ह्यात.

मनाची तयारी मात्र ठेवा की पूर्ण फाईल मिळणार नाही. कोर्टाची सगळी कागदपत्रं कायम ठेवत नाहीत, ठरलेल्या मुदतीनंतर नष्ट करायचे नियम आहेत, १९१७ चा त्यासाठी कायदाच आहे. अर्ज, कैफियती, जबान्या, पत्रं, म्हणजे ज्यात गोष्ट असते ते सगळं आधी जातं. टिकलं तर निकाल किंवा हुकूमनामा टिकतो, आणि दाव्यांचं रजिस्टर. नक्कल मागताना तुम्ही त्या दाव्यात पक्षकार नाही, तिऱ्हाईत आहात, म्हणून कारण द्यावं लागतं, अर्जात नातं स्पष्ट लिहा आणि मृत्यूचा दाखला असेल तर जोडा. कोर्ट फीचा स्टॅम्प जवळ ठेवा. आणि क्लार्कशी गोड बोला, गुजरातीत बोला, "बेन, जरा जुओ ने" म्हटलं की काम निम्मं सोपं होतं, मराठी बाणा बाहेर ठेवायचा.

आमच्या आत्याआजीची गोष्ट घरात अशी सांगत, की तिचं लग्न झालं, वर्ष-दोन वर्षांत नवऱ्याला वैराग्य आलं, तो हिमालयात निघून गेला, आणि ती माहेरी येऊन शाळेत मास्तरीण झाली. फार सात्त्विक गोष्ट. लहानपणी आम्ही त्या न पाहिलेल्या काकांना मनातल्या मनात दाढी-जटा लावून बसवलं होतं. मला सापडली ती दाव्याच्या रजिस्टरमधली एक ओळ, १९३० च्या दशकातली. वादी बाई अमुक, प्रतिवादीचं नाव, आडनाव बरोबर, वडिलांचं नाव बरोबर, राहणार नवसारी. समन्स बजावलं गेलं. प्रतिवादी वकिलामार्फत हजर. दावा मंजूर. हिमालयात गेलेला माणूस नवसारीत समन्स घेतोय आणि वर वकील पण देतोय!

बाकी काही नाही, फाईल गेलेली. पण त्या ओळीत सुद्धा किती आहे बघा. दावा तिने केला, त्याने नाही. तो पळून गेलेला नव्हता, पत्ता सगळ्यांना माहीत होता. आणि संन्यासाची गोष्ट मागाहून कुणीतरी रचली. माझा अंदाज असा की पणजोबांनी रचली असेल, पाठच्या मुलींची लग्नं व्हायची होती, आणि नवरा संन्यासी झाला असं म्हटलं की मुलीकडे बोट जात नाही. त्यांना दोष देववत नाही. दाव्याचा खर्चही त्यांनीच दिला असणार, तिच्याकडे कुठले पैसे.

कुणाला निकालाची प्रत मिळालीच तर ती वाचताना जरा सावध. त्यातले आरोप म्हणजे वकिलाने कायद्याच्या कारणांच्या मापाने शिवलेले असतात. १९५५ च्या कायद्यात सुद्धा हिंदूंसाठी परस्पर संमतीने घटस्फोट १९७६ पर्यंत नव्हता, म्हणजे दोघांनाही सुटायचं असलं तरी कुणीतरी कुणावर तरी काहीतरी आरोप करणं भागच होतं. "क्रूरपणा" वाचलं म्हणून लगेच त्या घराण्याला शिव्या घालू नका, आणि उलट "सोडून गेली" वाचलं म्हणून ती सहज उठून गेली असंही नाही. शिवाय दावा घटस्फोटाचाच असेल असंही नाही. पोटगीचा असेल, नांदायला येण्याबद्दल नवऱ्याने लावलेला असेल. रखमाबाईंचं प्रकरण आठवा, १८८४ मध्ये नवऱ्याने लावलेला तो दावा नांदायला येण्याचाच होता, मुंबईच्या हायकोर्टात चालला आणि १८८८ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली. आपल्या घरातला असा दावा 'घटस्फोट' म्हणून शोधत बसलो तर कधीच सापडणार नाही.

कोर्टात काहीच हाती नाही लागलं तर आजूबाजूने या. बाईने घर, जमीन, दागिना कशाचाही दस्त केला असेल तर त्यात ती स्वतःची ओळख कशी देते ते बघा, "यांची पत्नी" असं लिहिणारी पुढच्या दस्तात "यांची कन्या" लिहायला लागली की मधल्या वर्षांत काय झालं ते कळलं. शाळेचं जनरल रजिस्टर, नोकरीचं सर्व्हिस बुक, विम्याच्या कागदावर वारस म्हणून कोण आहे. आत्याआजीने सर्व्हिस बुकात माहेरचं आडनाव लावलेलं आहे आणि वारस म्हणून माझ्या आजोबांचं नाव. नवऱ्याचा ठावठिकाणा लागत नसेल तर कोर्ट वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायला लावायचं, म्हणून जुन्या वर्तमानपत्रांतली ती कंटाळवाणी बारीक अक्षरातली पानं सुद्धा चाळा.

हे सगळं फॅमिली ग्रुपवर टाकायचं की नाही यावर आमच्याकडे अजून वाद चालू आहे. १९५५ च्या कायद्याखालची घटस्फोटाची कामं बंद दाराआड चालतात आणि त्यातला मजकूर छापायला कलम २२ ने मनाई आहे, हे मुद्दाम सांगते कारण लोक निकालाचा फोटो काढून सरळ स्टेटसला लावतात. आमचं प्रकरण त्याआधीचं, दोघंही हयात नाहीत, तरी त्या गृहस्थांची दुसऱ्या लग्नाची नातवंडं सुरतेत आहेत आणि त्यांना यातलं काही माहीत असेल असं वाटत नाही. म्हणून मी त्यांचं नाव कुठेच लिहिलेलं नाही. काका म्हणतात कशाला उकरून काढतेस, गेली बिचारी. माझं म्हणणं की ती बिचारी नव्हती, त्या काळात कोर्टात उभी राहून जिंकलेली बाई आहे आणि आपण तिला साठ-सत्तर वर्षं जोगड्याची बायको म्हणून सांगत आलोय. काका यावर चहा मागतात.

वंशावळीत मी आता तिच्यापुढे लग्नाचं साल, दाव्याचं साल आणि "शिक्षिका" असं लिहिलंय. नवऱ्याचं नाव लिहायचं झालं तर सुरतेच्या मंडळींशी आधी बोलावं लागेल. वकिलाचं नाव मात्र रजिस्टरमध्ये दोन्ही बाजूंचं होतं, तिच्या वकिलाचं आडनाव आपलंच मराठी आणि त्यांचं घर दांडिया बाजारात अजून आहे असं कळलंय. जुन्या वकिलांच्या घरी पोटमाळ्यावर अशिलांच्या फायली पडून असतात, कोर्टाने टाकलेले कागद तिथे सापडू शकतात, तर पुढच्या रविवारी तिकडे जाऊन येते.